टाकीतली बानाबाई

सोमवार, ६ जानेवारी २०२५

केमिकल पुरवणाऱ्यानं दरवर्षीसारख्या विभागाला डायऱ्या दिल्या. विभागप्रमुख पुंडलिक सरांनी जाड पुठ्ठ्याच्या दोन ठेवून घेतल्या, तिसरी नव्या तनुजा मॅडमला दिली, आणि ही, जिच्या पुठ्ठ्यावर फिनेलची बाटली छापली आहे, ती माझ्याकडे आली. सत्तावीस वर्षं मी या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. मॅडमना येऊन सतरा दिवस झालेत. तर पहिल्याच पानावर खरं लिहून टाकते, डायरीवरून माझ्या पोटात दुखलं.

मॅडम एकोणतीस वर्षांच्या. कन्नडच्या, चांगल्या शेतीवाल्या घरातल्या. तासिका तत्त्वावर आल्यात, म्हणजे आज आहेत, उद्या नाहीत. पण समुद्रातल्या गोगलगायींवर पीएचडी आहे, आणि सर त्यांना बसायला खुर्ची ओढून देतात. मला सरांनी खुर्ची दिली होती ती २००९ साली, ट्यूबलाइट बदलायला वर चढायचं होतं म्हणून.

शुक्रवार, १० जानेवारी

आज तुतिकोरिनहून थर्माकोलच्या खोक्यातून शंख आला. जिवंत.

मॅडमनी गेले दोन आठवडे संग्रहालयाशेजारच्या खोलीत काचेची मोठी टाकी मांडून, वाळू पसरून, पाण्यात समुद्राचं मीठ कालवून ठेवलं होतं. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर. आमच्या गावात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि बाई समुद्र करायला निघाल्या! पाणी गार राहायला हवं म्हणून सरांनी स्वतःच्या केबिनमधला एसी काढून तिथं बसवला. सत्तावीस उन्हाळे मी त्याच खोलीत पंख्याखाली फॉर्मॅलिनच्या बरण्या बदलल्या. गोगलगायीला एसी.

शिपाई फकिरानं आधी पायातल्या चपला काढल्या, मग हात जोडले. मग वाकून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्यो शंख? ह्यो तर मातीचा ढेकूळ दिसतोय."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, जिवंत असताना शंखावर तपकिरी, मखमलीसारखी साल असते. देव्हाऱ्यात आपण ठेवतो तो पांढराशुभ्र म्हणजे साल खरवडलेला, आतला जीव गेलेला. मग म्हणाल्या, "आणि फकिराभाऊ, ही मांसाहारी आहे हं. वाळूतले किडे खाते."

"मांसाहारी? नाय वो! शंख?" फकिरानं चपला पुन्हा घातल्या.

माझी मुलगी प्रांजली तिथंच उभी होती. आमच्याच विभागात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती फकिरावर इतकी हसली की भिंत धरावी लागली. घरी मी तिला शेवटचं असं हसताना कधी बघितलं ते आठवावं लागेल.

मंगळवार, २१ जानेवारी

प्रांजली आजकाल साडेसहाशिवाय घरी येत नाही. टाकीपाशी बसून असते, नोंदी करते. आल्यावर जेवताना तेच. "आई, मॅडम म्हणाल्या, ती दिवसभर वाळूत बुडून राहते, नुसती नळी वर काढून. त्या नळीनं पाणी आत ओढते आणि पाण्यातूनच तिला किड्याचा वास लागतो." "आई, मॅडम म्हणाल्या, तिचा पाय विटकरी लाल असतो." मॅडम म्हणाल्या, मॅडम म्हणाल्या. भाजीत मीठ नव्हतं, तिला कळलं नाही. आमच्या ह्यांना कळलं. पण हे छावणीत लष्कराच्या गोदामात नोकरीला आहेत, मिठावाचून जेवायची सवय आहे.

आज तर कहर झाला. शंखाचं नाव ठेवलंय, बानाबाई!

बानाबाई माझी आई. अजिंठ्याच्या डोंगरात दीडशे मेंढरं एकटीनं वळायची. तिला जाऊन चार वर्षं झाली. मी प्रांजलीला म्हटलं, "आजीचं नाव गोगलगायीला देताना लाज नाही वाटली?"

"अगं, मॅडमनी विचारलं, तुझ्या माहितीतली सगळ्यात चिवट बाई कोण? मी आजी म्हणाले."

मला वाटलं होतं, चिवट विचारल्यावर ही माझं नाव सांगेल.

सोमवार, ३ फेब्रुवारी

रत्नागिरीहून बसनं येणारे गोठवलेले समुद्री किडे वाटेतच वितळले, कुजले. बानाबाई सहा दिवस उपाशी. मॅडमचं तोंड उतरलेलं. खरं लिहायचं तर मला जरा बरं वाटलं.

शनिवारी दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "ताई, तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या बागेत गांडूळखत करता ना? थोडी गांडुळं द्याल? समुद्रातली नाहीत, खाईल की नाही माहीत नाही. पण तुमच्याशिवाय कुणाला विचारू?"

दिली. धुऊन, निवडून, चांगली जाडजूड. पहिल्या दिवशी तिनं ढुंकून बघितलं नाही. आज सकाळी मी एकटीच लवकर गेले होते. वाळू हलली, बाई वर आली, शंखाच्या तोंडावरचं झाकण बाजूला सरलं, आणि तोंडातून लांब सोंड निघाली. घाई नाही, झडप नाही. सोंड हळूहळू गांडुळावर चढली आणि ते आत गेलं. माझी आई भाकरी खायची तशी, कुणाकडे न बघता.

मी ओरडतच मॅडमना बोलवायला गेले, मग दारात आठवलं की आपल्याला त्यांचा राग आहे.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. सगळ्या कॉलेजसमोर मॅडमनी भाषण केलं. म्हणाल्या, "आमच्या विभागात समुद्र आणायचं धाडस मी केलं, पण तो जगवला दीपमालाताईंनी. त्यांची गांडुळं नसती तर बानाबाई आज नसती." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला उभं राहावं लागलं.

बरणीतला नमुना दाखवतात तसं मला दाखवलं. वर प्रांजली मोबाइलवर फोटो काढत होती, आणि फोटोत बघते तर मी एका कोपऱ्यात अर्धी, मधोमध मॅडम. तिचं म्हणणं, माइक मध्ये होता म्हणून.

ती आता त्यांना तनुजाताई म्हणते. ताई मला म्हणतात सगळे. तेही गेलं.

सोमवार, १७ मार्च

बानाबाई अंडी घालतेय. शुक्रवारी धुळवडीला सुरुवात झाली असावी, कारण शनिवारी बघितलं तर वाळूतून बोटभर काहीतरी वर आलं होतं. आज वीतभर आहे. मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं, चामड्यासारखं चिवट, आडवे खण पडलेलं. एकेका खणात पुष्कळ अंडी. तुतिकोरिनकडचे पाणबुडे त्याला शंखाचं फूल म्हणतात, असं मॅडम म्हणाल्या. लाटेनं वाहून जाऊ नये म्हणून त्याचं बूड वाळूत रोवलेलं असतं.

"सगळी पिल्लं होतात?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"नाही ताई. अशा बऱ्याच गोगलगायींमध्ये खणात जी आधी वाढतात ती उरलेल्यांना खातात. बाहेर येतात ती थोडी. पण येतात ती आईसारखीच, शंख पाठीवर घेऊन, थेट चालत."

"आणि आई काय करते?"

"काही नाही. घालून झालं की निघून जाते."

प्रांजली काचेला नाक लावून म्हणाली, "किती भारी! काही कटकट नाही." दोघी हसल्या. मी संग्रहालयात जाऊन बेडकांच्या बरण्या पुसत बसले. त्या गेल्याच आठवड्यात पुसल्या होत्या.

आणखी एक. तुतिकोरिनला समुद्री गोगलगायींचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे. मॅडमनी प्रांजलीला फॉर्म आणून दिला. शेवटची तारीख २० एप्रिल. हे म्हणाले, "जाऊ दे की, पोरगी हुशार हाय." मी म्हणाले, तुम्हाला मिठावाचून चालतं, तसं पोरीवाचूनही चालेल.

शुक्रवार, २८ मार्च

मॅडमच्या आईचं ऑपरेशन आहे, गर्भाशयाचं. आठ-नऊ दिवस कन्नडला जाणार. टाकी प्रांजलीवर सोपवून चालल्या. जाताना बॅग खांद्यावर घेऊन माझ्याकडे आल्या, हातात घडी घातलेला कागद.

"ताई, यात टाकीच्या सूचना लिहिल्यात. तुमच्या अक्षरात मोठ्या कागदावर लिहून टाकीवर लावाल? बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बघते मी रोज. तुमच्या अक्षरात असलं की सगळे ऐकतात. माझं कोण ऐकतंय! प्रांजलीला सांगितलंय, काही अडलं तर ताईंच्या कागदावर बघ."

म्हणजे हुकूम त्यांचा, अक्षर माझं. मी "लावते" म्हणाले. रिक्षा गेली. कागद न उघडताच टेबलाच्या खालच्या खणात टाकला, मोडक्या स्लाइडच्या डब्यावर. पुढच्या आठवड्यात लिहू. आभाळ कोसळत नाही.

रविवार, ३० मार्च

पाडवा. आणि आजचा दिवस माझा!

टाकीतलं पाणी उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर उडतं. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागं राहतं, म्हणून वरून रोज गोडंच घालावं लागतं. आज पाडवा, उद्या ईद, टँकरवाला दोन दिवस येणार नाही, कॉलेजची टाकी कोरडी, विभागातलं फिल्टर बंद. सकाळी गुढी उभी करून होते न होते तोच प्रांजली दारातून पळत आली.

"आई, पाणी कुठलं नेऊ? तनुजाताईंचा फोन लागत नाही, दवाखान्यात असतील. तू सांग ना."

तू सांग ना! किती महिन्यांनी.

"आई, तुझ्याकडं सूचनांचा कागद आहे ना? त्यात बघ ना काय लिहिलंय."

कागद कॉलेजात, खणात. पण त्या क्षणी मला 'बघून सांगते' असं म्हणवेना. मी म्हणाले, "बघितलंय मी. घरचं पाणी चालतं. थांब, भरून देते."

पाडव्यासाठी परवाच तांब्याचं पिंप चिंच-मीठ लावून घासलं होतं, सोन्यासारखं लखलखत होतं. रात्रभर त्यात राहिलेलं पाणी, घरातलं सगळ्यात शुद्ध. तेच पाच लिटरच्या कॅनमध्ये गाळून भरलं. तिच्याबरोबर स्कूटीवर मागं बसून गेले. दोघींनी मिळून घातलं, ती काचेवरची रेघ बघत होती आणि मी हळूहळू ओतत होते. "बास, बास, बरोब्बर!" म्हणाली आणि माझ्या दंडाला धरून उडी मारली. येताना क्रांती चौकात उसाचा रस प्यायलो.

गुरुवार, ३ एप्रिल

रोज सकाळी कॅन भरून देते. फिल्टर सुरू झालंय, पण त्याची मेणबत्ती बदलायला झाली आहे, पाण्याला वास येतो. मी प्रांजलीला म्हणाले, आपलंच ने. तिलाही पटलं. आठवड्यात एकदासुद्धा आम्ही भांडलो नाही. काल तिनं स्वतः म्हटलं, "आई, तुला टाकीतलं लई कळतं की!" सूचनांचा कागद लिहायचा राहिलाच. आता तर दोघीच सगळं बघतो, गरज काय.

बानाबाई मात्र कालपासून खात नाही. गांडूळ तसंच पडून. अंडी घालून दमली असेल.

शनिवार, ५ एप्रिल

नळी वर नाही. वाळूवर आडवी पडली आहे, पाय लोंबतोय. बोट लावलं तर झाकण ओढून घ्यायला हवं. ओढत नाही. प्रांजली रडवेली. मॅडमना फोटो पाठवले. त्यांनी विचारलं, मीठ किती, एसी किती. सगळं बरोबर. "पाणी गोडंच घालतेस ना?" "हो, घरचं, शुद्ध." त्या म्हणाल्या, सोमवारी पहाटेच निघते.

अंड्यांच्या शिंगाचे खालचे खण काळे पडलेत. मी एसी आणखी दोननं कमी केला आणि माझ्या आईला हात जोडले. टाकीतल्या नव्हे, खऱ्या.

सोमवार, ७ एप्रिल

मॅडम थेट स्टँडवरून आल्या. बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. टाकीत बघितलं, मग टाकीवरच्या कोऱ्या भिंतीकडे बघितलं. बराच वेळ. प्रांजली वर्गात होती.

"ताई, घरी पाणी कशात ठेवता?"

"पिंपात."

"स्टीलच्या?"

मी नाही अशी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते, दोन शब्द तयार होते माझ्याकडे. त्या हळू म्हणाल्या, "प्रांजलीला यातलं काही बोलू नका. तिनं लई जीव लावलाय. तिला वाटेल आपल्या हातानं झालं."

माझी मुलगी, तिला काय वाटेल ते हिनं मला सांगायचं! मी रागानं टेबलाशी आले आणि खण उघडला.

सात सूचना. हळद-कुंकू नको, फुलं नको, दूध नको. चौथी अशी, 'फिल्टरचं पाणी नसेल तर दुकानातला जार आणावा. तांब्या-पितळेच्या भांड्यातलं पाणी एक थेंबही नको. तांबं शंखाला विष आहे.' आणि पुढं कंसात, 'ताई, हे सगळ्यात महत्त्वाचं. हे तुमच्या लाल शाईनं.'

२०११ साली वनस्पतिशास्त्राच्या कमळाच्या हौदात गोगलगायी झाल्या होत्या. त्या मारायला मीच मोरचूद टाकलं होतं. मोरचूद म्हणजे तांबंच. चार तासांत हौद साफ. मला हे माहीत होतं. नव्हतं असं नाही. पिंप घासताना आठवलं नाही, इतकंच. पिंपाला कोण विष म्हणतं?

मंगळवार, ८ एप्रिल

बानाबाई गेली. सकाळी खोलीत शिरताच वास आला. फकिरा चपला काढून उभा होता. "आता तरी हिला खरवडून देव्हाऱ्यात ठिवा," म्हणाला. प्रांजलीनं त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की तो निघून गेला.

दुपारी सरांनी मला आणि मॅडमना बोलावलं. एसी, टाकी, कॉलेजचं नाव, प्राचार्यांना काय सांगू, सगळं झालं. मग विचारलं, "तनुजा मॅडम, तुम्ही सूचना लिहून दिल्या होत्या म्हणता. दीपमालाबाई, लावल्या होत्या?"

माझं तोंड आपोआप म्हणालं, "लावल्या होत्या सर."

मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "हो सर, लावल्या होत्या. चूक माझी आहे. जाण्याआधी मीठ मोजायचा मीटर मीच चुकीचा लावून ठेवला. घाईत होते." सरांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या वर्षीच्या तासिकांचं बघू, म्हणाले. म्हणजे नाही.

बाहेर आल्यावर मी आभार मानायला हवे होते. मला एकच दिसत होतं की आता ही बाई माझ्या डोक्यावर उपकार ठेवून जाणार आणि मला जन्मभर तिचं ऋण. खोटं बोलण्यातसुद्धा माझ्यापेक्षा चांगली निघाली.

शनिवार, १२ एप्रिल

मिठाचं प्रकरण प्रांजलीला विभागातूनच कळलं. "इतकी साधी चूक, आई! रोज मला दहादा मोजायला लावायच्या आणि स्वतः..." तिनं मॅडमचे फोन घेणं बंद केलं. त्या समोर आल्या तर वळून जाते. मॅडम काही बोलत नाहीत.

आज माझी लेक दिवसभर घरी होती. मी तिच्या केसांना तेल लावलं. दुपारी दोघी एकाच चादरीवर पंख्याखाली झोपलो. माझ्या कुशीत तिचा पाय आला, लहानपणी यायचा तसा. एवढंच तर मागत होते मी डिसेंबरपासून. कागद मी घरी आणलाय, पिठाच्या डब्याखाली ठेवलाय. फाडावा असं रोज वाटतं. फाडत नाही.

बुधवार, १६ एप्रिल

आज मी विचारलं, "फॉर्म भरलास का गं? वीस तारीख आली." उत्तर काय हवं होतं ते मला माहीत होतं.

"नाही भरणार. गोगलगायी नकोत आता मला." ती माझ्या जुन्या बरण्यांच्या चिठ्ठ्या लिहायला शिकत होती, आपणहून. म्हणाली, "मी इथंच कुठंतरी लॅबमध्ये लागते. तुझ्यासारखी. बरण्या पुसायच्या, पाचला घरी यायचं. आपण दोघी."

हसून म्हणाली. चिठ्ठी सुरेख लिहिली होती. पण डोळे कसे झाले होते तिचे! जानेवारीत भिंत धरून हसणारी हीच का? तुझ्यासारखी. ऐकायचं होतं तेच ऐकलं. मी उठून आत गेले, डब्याखालचा कागद काढला, पुन्हा ठेवला.

गुरुवार, १७ एप्रिल

मॅडमचा आज शेवटचा तास झाला. निरोप समारंभ नव्हता. तासिकावाल्यांना नसतो. टाकी रिकामी करून, धुऊन, पुसून गेल्या. मला म्हणाल्या, "ताई, प्रांजलीनं फॉर्म भरला नसेल तर तेवढं बघा. माझा राग त्या फॉर्मवर नको काढू म्हणावं."

मी म्हणाले, "बघते." याआधी "लावते" म्हणाले होते.

शनिवार, १९ एप्रिल

सांगितलं.

सकाळी हे ड्यूटीवर गेले आणि मी कागद तिच्यापुढं ठेवला. म्हणाले, वाच. ती वाचत गेली. चौथ्या ओळीवर थांबली. पुन्हा वाचली. मग स्वयंपाकघरातल्या पिंपाकडे बघितलं.

"हे त्या कागदात लिहिलं होतं?"

"व्हय. मॅडमनी जायच्या दिवशी दिलं होतं. मीठ त्यांनी चुकवलं नव्हतं. त्यांना परत आल्या दिवसापासून माहीत होतं. सरांपुढं आपल्यासाठी खोटं बोलल्या."

"आपल्यासाठी?" तिनं कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "आई, पाडव्याला मी तुला विचारलं होतं, कागदात बघ. तू म्हणालीस, बघितलंय. घरचं चालतं."

"नव्हता बघितला गं. खोटं बोलले."

"मग का म्हणालीस?"

मी कागदाची घडी घालायला लागले.

"तुला तनुजाताई आवडत नव्हत्या. टाकी आवडत नव्हती. मला माहीत होतं, मी काय आंधळी आहे? आणि त्या दिवशी तू इतकी खूश होतीस. स्कूटीवर गाणं म्हणत होतीस. रस पाजलास मला." तिचा आवाज फुटला. "मुद्दाम केलंस ना?"

मी नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. पण 'का खूश होतीस' याचं उत्तर द्यायला हवं होतं. तू मला विचारलंस म्हणून, इतक्या महिन्यांनी तू मॅडमला सोडून मला विचारलंस म्हणून, एवढंच तर होतं. पण पोटच्या पोरीला हे सांगायची लाज वाटली. लाजेनं मी गप्प बसले, आणि मी गप्प बसले त्यातून तिला जे समजायचं ते समजलं.

ती रडली. गेल्या चार वर्षांत, आजी गेली तेव्हापासून, माझ्यासमोर पहिल्यांदा रडली, तीही मॅडमसाठी. मग तोंड धुतलं, फोन घेऊन गच्चीत गेली, दार ओढून घेतलं. दाराआडून आवाज येत होता. "ताई, मी किती वाईट वागले," असं म्हणत होती. मग बराच वेळ नुसतं ऐकत होती. त्या काय सांगत असतील? माझी बाजू घेत असतील. तेच सहन होत नाही.

अर्ध्या तासानं आत आली. म्हणाली, "फॉर्म ऑनलाइन भरलाय. पालक म्हणून बाबांची सही घेईन."